सोपवलेल्या धनाचा हिशेब : पंडिता रमाबाई

‘कारभारी’ हा मराठीतला जुना आणि भारदस्त शब्द आहे. संस्थानाच्या दरबारी कारभारी असे, देवस्थानाला कारभारी असे, आणि खेड्यापाड्यांतील घरधनीण आपल्या नवऱ्याला आजही ‘कारभारी’ म्हणून हाक मारते. कारभाऱ्याच्या हाती पुष्कळ असते. परंतु जे हाती असते ते त्याचे स्वतःचे नसते. ते कोणीतरी सोपवलेले असते आणि त्याचा हिशेब केव्हा ना केव्हा द्यावयाचा असतो.

बायबल मराठीत आणणाऱ्यांनी हाच शब्द उचलला, आणि तो किती चपखल बसला! येशूच्या दृष्टान्तांत असा एक धनी येतो, जो दूरदेशी जाताना आपली मालमत्ता चाकरांच्या हवाली करतो आणि परतल्यावर एकेकाला बोलावून हिशेब विचारतो. ज्यांनी ते द्रव्य व्यवहारात घालून वाढवले त्यांची तो वाखाणणी करतो; ज्याने भीतीपोटी ते जमिनीत पुरून जसेच्या तसे परत आणले त्याला दोषी ठरवतो. या दृष्टान्तातून ख्रिस्ती विचारात एक जीवनदृष्टी रुजली. पैसा, विद्या, वाणी, आरोग्य, आयुष्याची वर्षे ही सारी ईश्वराची देणी. माणूस त्यांचा धनी नाही, कारभारी आहे. आणि विश्वासूपणा हाच कारभाऱ्याचा धर्म आहे.

ही कल्पना आपल्याला अगदीच परकी वाटण्याचे कारण नाही. अहिल्याबाई होळकरांनी खासगीच्या द्रव्यावर तुळशीपत्र ठेवले ही परंपरा इंदूरच्या वाचकांना सांगावयास नको. आपले म्हणून जे आहे त्यावरचा हक्क सोडून ते धर्मकार्यी लावणे, ही वृत्ती आपल्याकडे पूर्वापार वंदनीय मानली गेली. ख्रिस्ती दृष्टीत या वृत्तीला हिशेबाची जोड मिळाली, इतकेच.

पंडिता रमाबाईंवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. कोणी त्यांच्या विद्वत्तेवर लिहिले, कोणी सुधारकी कार्यावर, तर कोणी धर्मांतरावर. आणि या तिसऱ्या विषयावर तर कधी गौरवाने, कधी संतापाने. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे कारभारीण म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. त्यांच्या हाती काय काय आले, त्याचे त्यांनी काय केले, आणि जेथे दोन धन्यांचे हिशेब एकमेकांस छेदू लागले तेथे त्या कशा वागल्या, हे प्रश्न विचारले म्हणजे शंभर वर्षांहून जुन्या एका वादाकडेही थोड्या शांतपणे पाहता येते.

वडिलांचे देणे

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. हे ठिकाण आज कर्नाटकात आहे. म्हणजे आपल्यापैकी अनेकांप्रमाणे त्याही जन्माने महाराष्ट्राबाहेरच्याच मराठी. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडचे चित्पावन ब्राह्मण. पुण्यात रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशी अध्ययन चालू असता, दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यात पेशव्यांच्या पत्नीला शास्त्रीबुवा संस्कृत शिकवतात हे त्यांना दिसले आणि स्त्रीलाही ही विद्या देता येते हे मनावर ठसले. पुढे त्यांनी आपल्या पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. त्यावरून ओरड झाली, उडुपी येथे पंडितांपुढे जाब द्यावा लागला, आणि शास्त्रांतील आधार दाखवून त्यांनी आपली बाजू सिद्ध केली. अनंतशास्त्री वृद्ध झाल्यावर मुलीला शिकवण्याचे काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. रमाबाईंचे संस्कृत हे अशा रीतीने मातेच्या मुखातून आलेले धन होते. वडिलांनी ते पुरून ठेवले नव्हते; एका हातून दुसऱ्या हाती दिले होते.

याच घराच्या हिशेबाला दुसरीही बाजू होती. गंगामुळाचा आश्रम सोडून कुटुंब तीर्थयात्रेला निघाले तेव्हा रमा तान्ही होती. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून मजुराच्या डोक्यावरून नेले. वर्षानुवर्षे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी फिरले. जे मिळे त्यातले पुष्कळसे दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत खर्च होई. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा शिल्लक संपलेली होती, वडिलांची दृष्टी गेलेली होती आणि पोट भरण्याजोगा एकही उद्योग घरात कोणाला येत नव्हता. वेदशास्त्र जाणणाऱ्या माणसांनी मोलमजुरी करावी ही गोष्ट त्या काळी कल्पनेतही बसत नव्हती. थोड्या अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघेही गेली. मागे राहिली रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघांनी पायी पायी भारत पालथा घातला आणि १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली.

दुष्काळाचे हे दिवस रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहेत. ते वाचताना दुःखाइतकीच आणखी एक गोष्ट जाणवते : आपल्या आईवडिलांचा नाश भक्ती कमी पडल्यामुळे झाला नाही, हातांना काम ठाऊक नसल्यामुळे झाला, हे त्यांनी ओळखले होते. पुढे केडगावात प्रत्येक मुलीला एकतरी उद्योग आलाच पाहिजे, असा जो त्यांचा कटाक्ष होता त्याचे मूळ येथे सापडते.

कोणाची विद्या, कोणाचा विवेक

कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेदांचे अध्ययन करण्यास सुचवले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली, शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. सिल्चरच्या त्यांच्या घरात, पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना लूकच्या शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सापडली. कारभाऱ्याचा दृष्टान्त ज्या पुस्तकात आहे, तेच हे पुस्तक. १८८१ मध्ये मनोरमेचा जन्म झाला आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आत आईबाप, बहीण, भाऊ आणि पती असे सारे गमावलेली ही विधवा तान्ह्या मुलीला घेऊन पुण्यास आली.

पुण्याने तिचे उत्तम स्वागत केले. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि हंटर आयोगापुढे मराठीतून साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीडॉक्टर यांची मागणी केली. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो मार्ग खुंटला. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीमंडळात त्या राहिल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. वाट चुकलेल्या स्त्रियांना या भगिनी तुच्छ न लेखता कसे सांभाळतात, हे त्यांनी लंडनजवळ फुलहॅम येथे पाहिले होते. ते दृश्य त्यांच्या मनातून कधी गेले नाही.

बाप्तिस्मा घेतला म्हणजे बुद्धी आणि विवेक गुरुजनांच्या स्वाधीन करावा, असे मात्र त्यांना मान्य नव्हते. सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. त्यात हा झगडा पानोपानी दिसतो. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी स्पष्ट शब्दांत दिले. गळ्यातील क्रूसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, ती आपल्या देशबांधवांना कळत नाहीत, तेथे संस्कृत असावे, असा त्यांचा आग्रह होता. शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या गोष्टींतून त्यांची भूमिका उमगते. विवेक हीसुद्धा ईश्वराने सोपवलेली ठेव आहे. ती दुसऱ्या कोणाच्या कोठीत ठेवून मोकळे होता येत नाही.

दहा वर्षांचे वचन

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी १८८६ मध्ये रमाबाई फिलाडेल्फियाला गेल्या. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. पुढल्याच वर्षी त्या निवर्तल्या. रमाबाई मात्र अमेरिकेत राहिल्या, बालोद्यान पद्धतीचे शिक्षण घेतले, व्याख्याने देत देशभर फिरल्या, आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहून १८८७ मध्ये ते प्रसिद्ध केले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाले. उच्चवर्णीय बालविधवांच्या शाळेसाठी दहा वर्षे पैसा पुरवण्याचे वचन या मंडळाने दिले. शाळेत कोणत्याही धर्माची सक्ती वा प्रचार होणार नाही, ही अट दोन्ही बाजूंनी मान्य होती.

११ मार्च १८८९ रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे होत असताना, मुंबईस चौपाटीवर शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखी मंडळी सल्लागार झाली. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती आनंदीबाई कर्वे झाली. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. शारदा सदनातील विद्येचे बीज असे दुसऱ्याच्या शेतातही उगवले. कारभाऱ्याच्या वहीत अशी जमा मांडता येत नाही, पण ती मोठी असते.

अमेरिकेतील मंडळ दरवर्षी अहवाल छापी. किती पैसे आले, कशावर खर्च झाले, किती मुली आल्या, किती गेल्या, हे सारे त्यात असे. परक्या देशातील, कधी न पाहिलेल्या स्त्रियांनी वर्षाला थोडे थोडे म्हणून साठवलेले हे द्रव्य होते, आणि त्यातील एकेका डॉलरचा पत्ता लागला पाहिजे, ही शिस्त त्या व्यवस्थेला होती.

१८९३ चा पेच

आता त्या वादाकडे वळू. रमाबाई आपल्या खोलीत पहाटे मनोरमेसह प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या लावीत नसत. काही मुली आपण होऊन दाराशी येऊन बसू लागल्या, मग आत येऊ लागल्या. पुण्यात कुजबुज सुरू झाली, ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी सल्लागारपद सोडले. पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. शाळा अर्धी रिकामी झाली.

हा वाद आपल्याकडे सहसा दोनच प्रकारे सांगितला जातो. एका कथेत रमाबाईंनी हिंदू समाजाचा विश्वासघात केला, तर दुसऱ्या कथेत संकुचित पुण्याने एका थोर स्त्रीला छळले. दोन्ही कथांत थोडे थोडे तथ्य आहे. पूर्ण सत्य एकीतही नाही.

पालकांची बाजू आधी पाहू. विधवा मुलीला घराबाहेर पाठवणे हेच त्या काळी धाडस होते. ज्यांनी ते केले त्यांनी धर्म सुरक्षित राहील या वचनावर विसंबून केले. पोरवयाच्या, आश्रित मुलीला संचालिकेच्या प्रार्थनेला बसण्याची ‘मोकळीक’ आहे, या शब्दाला कितीसा अर्थ उरतो? तिला जेवू घालणारी, शिकवणारी, पोटाशी धरणारी बाई ज्या देवाला हाक मारते, त्या देवाकडे ती ओढली जाणारच. रानडे यांच्यासारखा समंजस आणि उदार माणूस अस्वस्थ झाला, त्याला कारण होते. विश्वस्ताला दिलेल्या वचनाची अक्षरे पाळून भागत नाही, वचन देताना दुसऱ्याने जे समजून घेतले तेही पाळावे लागते.

रमाबाईंची बाजूही तितकीच खरी. मुलींना त्यांनी सक्ती केली नव्हती. हिंदू धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक सर्वांना होती आणि बहुतेक जणी तसे वागत होत्या. आपण ख्रिस्ती आहोत हे त्यांनी कोणापासून लपवले नव्हते. मग स्वतःच्या घरात, स्वतःच्या देवाची प्रार्थना दार लावून चोरासारखी का करावी? दार उघडे ठेवणे हाच त्यांना प्रामाणिकपणा वाटे. येथे दोन धन्यांचे हिशेब आडवे आले. दाते आणि पालक यांनी सोपवलेली ठेव एका बाजूस, आणि त्यांच्या श्रद्धेप्रमाणे ईश्वराने सोपवलेली ठेव दुसऱ्या बाजूस.

या पेचातून त्यांनी काढलेली वाट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या मुली राहिल्या त्यांच्यासह शाळा चालू ठेवली. दहा वर्षांची मुदत संपत आल्यावर १८९८ मध्ये त्या पुन्हा अमेरिकेस गेल्या; जुने मंडळ विसर्जित होऊन नवे उभे राहिले. त्यानंतरचे त्यांचे कार्य उघडपणे ख्रिस्ती म्हणून चालले, आणि येणाऱ्या पैशालाही ते ठाऊक होते. संदिग्धता संपली. ती आधीच संपवावयास हवी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु त्यांनी ती झाकून ठेवली नाही, हेही नोंदवले पाहिजे. विश्वासूपणा म्हणजे कधीच न चुकणे नव्हे. चूक कोठे होते आहे ते दिसेल अशी वही उघडी ठेवणे हाही विश्वासूपणाच होय.

केडगावची जमीन

दहा वर्षांनंतर पैसा थांबला तर काय, हा विचार रमाबाईंनी मुदत संपण्याच्या पुष्कळ आधी केला होता. पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे त्यांनी सुमारे शंभर एकर माळ घेतला. फळबाग लावावी आणि तिच्या उत्पन्नावर शाळेने स्वतःच्या पायांवर उभे राहावे, असा बेत होता. विहिरी खणल्या, झाडे लावली. आईबाप दानधर्मात शिल्लक संपवून उपाशी मेले, त्यांची मुलगी पुढल्या दहा वर्षांचे पाणी आधी शोधत होती.

झाडांना फळे धरण्यापूर्वीच दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून मरू लागली, अनाथ मुलींना पळवून नेणारे दलाल हिंडू लागले. जाण्याचे धैर्य आपल्यात नव्हते, पण आपल्या लहानपणाची उपासमार आठवली, असे त्यांनीच लिहिले आहे. त्या स्वतः तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायकांना घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्यामुळे एवढ्या जणींना शहरात ठेवणे अशक्य झाले. केडगावच्या माळावर तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. याच १८९७ साली पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल त्यांनी वृत्तपत्रात पत्र लिहून सरकारला जाब विचारला. आपल्याकडे सोपवलेल्या मुलींचे काय होते हे विचारण्यास गव्हर्नरसाहेबांचीही भीड त्यांनी धरली नाही. पत्राचे पडसाद ब्रिटिश पार्लमेंटात उमटले.

सप्टेंबर १८९८ मध्ये ‘मुक्ती’ सदनाची रीतसर स्थापना झाली. पाठोपाठ १८९९-१९०० चा महादुष्काळ आला, ज्याला गुजरातेत आजही ‘छप्पनियो’ म्हणतात. वडोद्याकडील वाचकांच्या घराण्यांत त्याच्या आठवणी असतील. गुजरात-काठेवाडातून शेकडो मुली आणल्या गेल्या आणि मुक्तीतील संख्या दोन हजारांच्या जवळपास पोहोचली. ठरलेली वर्गणी आता नव्हती. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांनी कोणापुढे हात न पसरता प्रार्थनेवर भिस्त ठेवून हजारो अनाथ सांभाळले होते. रमाबाईंनी तोच मार्ग धरला. मात्र प्रार्थना आणि उद्योग यांची त्यांनी कधी फारकत केली नाही. शेती, गोठा, हातमाग, तेलघाणा, शिवणकाम, धुलाई, वेतकाम, पुस्तकबांधणी आणि छापखाना ही सारी कामे स्त्रिया करीत. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून अंध स्त्रियांना वाचावयास शिकवले. या मनोरमाबाईंनीच तेव्हाच्या निजामी राज्यात, गुलबर्गा येथे, मुलींची शाळा काढली, याची आठवण हैदराबादेकडील मराठी मंडळींना असावयास हवी.

येथे एक अवघड प्रश्न टाळून चालणार नाही. विद्या आणि द्रव्य ही ठेव म्हणता येईल. माणसांना ठेव म्हणावे काय? दुष्काळातून उचललेल्या पोरक्या मुलींना निवडीचे स्वातंत्र्य असे कितीसे होते? त्यांच्यातील अनेकींनी जो धर्म स्वीकारला तो विचाराने की आधाराच्या ओढीने, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. रमाबाईंच्या सद्हेतूवर विश्वास ठेवूनही हा प्रश्न उरतो. त्यावर एकच सांगता येते. आश्रित मुलीला कायमची आश्रित ठेवणे हे सत्ता गाजवणाऱ्याचे लक्षण असते. केडगावात तिच्या हाती अक्षर दिले गेले आणि अक्षराबरोबर हत्यारही. अंध स्त्री वाचू लागली, उपाशी आलेली मुलगी छापखान्यात खिळे जुळवू लागली, मोठ्या मुली लहानग्यांना सांभाळू लागल्या. जी सोपवली गेली होती तिच्यावरच पुढे काही सोपवले जाऊ लागले. माणसाच्या बाबतीत कारभाऱ्याने द्यावयाचा हिशेब हाच असावा.

भाषेचा हिशेब

रमाबाईंच्या हातचे सर्वांत मोठे धन म्हणजे त्यांचे संस्कृत. त्याचा त्यांनी अखेरच्या पर्वात केलेला विनियोग मोठा विलक्षण आहे. केडगावच्या बायकांना वाचता यावे असे बायबल मराठीत नाही, प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर आहे, साध्या स्त्रीला ते कळत नाही, असे त्यांचे मत झाले. मूळ भाषा आल्याशिवाय भाषांतर करावयाचे नाही म्हणून पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास हाती घेतला, आणि सुमारे १९०५ पासून पुढील सतरा-अठरा वर्षे संपूर्ण बायबलाचे भाषांतर केले.

‘पंडिता’ म्हणून गौरवलेली ही स्त्री भाषांतरात संस्कृत शब्द हेतुपुरस्सर गाळीत होती. ज्ञान दाखवण्यासाठी नव्हे तर ते आवरण्यासाठी किती ज्ञान लागते, हे ज्याने कधी सोपे लिहिण्याचा यत्न केला आहे त्याला कळेल. वडिलांकडून आईला, आईकडून मुलीला आलेली विद्या शेवटी निरक्षर म्हणून आलेल्या, दुष्काळाने पोरक्या झालेल्या मुलीच्या बोलीपर्यंत खाली उतरली. जुळारी स्त्रियाच होत्या, छापणाऱ्या स्त्रियाच होत्या.

या भाषांतराला मराठी ख्रिस्ती समाजातही फारसा प्रसार लाभला नाही. बायबल सोसायटीचे भाषांतरच चर्चमधून वाचले जात राहिले. त्यातले शब्द कित्येकदा साधेपणाच्या हट्टापायी ओबडधोबड झाले आहेत, हेही खरे. साहित्याच्या इतिहासकारांनी त्याची म्हणावी तशी दखल घेतली नाही. तथापि एका व्यक्तीने, त्यातही स्त्रीने, मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल आणण्याचे हे काम मराठीच्या वहीत ठळक अक्षरांत नोंदले गेले पाहिजे.

शेवटची शिल्लक

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु जिच्यावर सारा भार सोपवावयाचा तीच मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी आईच्या आधी गेली. देणाऱ्याने दिलेले परत मागितले की कारभाऱ्याने तक्रार करू नये, ही शिकवण तोंडाने सांगणे सोपे. रमाबाईंनी त्यानंतर आठ-नऊ महिने भाषांतराची उरलेली मुद्रिते तपासण्यात घालवली. ते काम हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. केडगावची संस्था आजही चालू आहे.

एका आयुष्याचा हा जमाखर्च. जमेला विद्या, विवेक, परदेशी बायकांनी पाठवलेले पैसे, शंभर एकर माळ, दोन हजार जिवांचा भार आणि भूक म्हणजे काय याचे ज्ञान. खर्चात हे सर्व. शिल्लक म्हणून स्वतःसाठी काही ठेवलेले दिसत नाही.

रमाबाईंची श्रद्धा वाचकांपैकी सर्वांची असेल असे नाही, आणि १८९३ च्या पेचात त्यांचा निर्णय सर्वांना पटेल असेही नाही. पण आपणही, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसे, लहानसहान ठेवींचे कारभारीच आहोत. आजोबांच्या पिढीने वर्गणी जमवून उभारलेले वाचनालय, कोणा दात्याने दिलेली सभागृहाची जागा, नातवंडांच्या तोंडून हळूहळू निसटत चाललेली भाषा ही आपण कमावलेली नाहीत. आपल्यापाशी सोपवलेली आहेत. त्यांना कुलूप लावून जसेच्या तसे जपणे म्हणजे जमिनीत पुरणे. धनी कोण हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठरवावे. हिशेब मात्र प्रत्येकाला द्यावयाचा आहे.